तोच प्रोग्रॅम, नवीन मशीन

माझ्या भावानं बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा तो डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता आणि आमच्या घरात टेबल नव्हतं. शिळफाट्याला एक टायपिंग क्लास बंद होत होता, तिथला जुना कॉम्प्युटर त्यानं आणला आणि तांदळाच्या कोठीवर मांडला. आईला तांदूळ काढायचे असले की आधी सगळा पसारा उचलावा लागे. ती तसं बोलून दाखवायची, पण कॉम्प्युटर तिथून हलवा असं तिनं कधी म्हटलं नाही.

आम्ही लोधिवलीचे. आप्पा, म्हणजे आमचे वडील, खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होते. बुद्धिबळ ते तिथेच जेवणाच्या सुट्टीत शिकले आणि पुढे कारखान्यात त्यांच्याशी खेळायला कोणी सहज बसेना इतके चांगले खेळू लागले. दादाला त्यांनीच शिकवलं. मलाही शिकवलं होतं, पण मला बघत बसायलाच जास्त आवडायचं.

प्रोग्रॅम पहिल्यांदा पूर्ण डाव खेळला तो आप्पांशीच. आप्पांनी एक खेळी केली की मशीन बराच वेळ घ्यायचं. आतला पंखा घरघरायचा, आप्पा तंबाखू मळायचे, दादा नखं खात पडद्याकडे बघत राहायचा. शेवटी एक प्यादं सरकायचं. आप्पा म्हणायचे, "एवढा इचार करून हेच व्हय?"

आप्पा दरवेळी जिंकायचे. त्यांची पद्धत ठरलेली होती. ते एक प्यादं मोकळं सोडून द्यायचे. मशीन ते खायचं. मग आप्पा हळूहळू वाटा बंद करत आणायचे आणि बऱ्याच खेळ्यांनंतर मशीनचा वजीर कोपऱ्यात अडकलेला असायचा. अडकल्यावर मशीन आणखीच विचित्र वागायचं. एकेक प्यादं उगाच पुढे करून मारायला द्यायचं.

"हे असं का करतं?" मी एकदा दादाला विचारलं.

"त्याला ठरावीक खेळ्यांपर्यंतच दिसतं," दादा म्हणाला. "त्याच्या पुढचं त्याच्यासाठी नाहीच. प्यादं दिलं की संकट दोन खेळ्या लांब जातं, नजरेच्या पलीकडे. मग त्याला वाटतं टळलं."

"मग त्याला लांबचं बघायला शिकव."

"शिकवायचं काही नाही त्यात. मशीन हळू आहे."

आप्पांना हे पटायचं नाही. कारखान्यात आयुष्य गेलेला माणूस मशीनला सहसा दोष देत नाही. "मशीनला नावं नको ठेवू रं," ते म्हणायचे. "तू सांगितलं तेवढंच तो करतो."

दोघांचंही बरोबर होतं. हे कळायला मला खूप वर्षं लागली.

दादाला नोकरी लागली. पुढे त्यानं शेलूला स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत एक छोटा फ्लॅट घेतला आणि तिथे एकटाच राहू लागला. लग्नाचं तो टाळत होता, आईनं विचारायचंही हळूहळू सोडलं. दर तीन-चार वर्षांनी तो कॉम्प्युटर बदलायचा आणि बदलला की एखाद्या रविवारी लॅपटॉप नाहीतर कॉम्प्युटरचा डबा घेऊन लोधिवलीला यायचा. आत तोच प्रोग्रॅम. आप्पा चष्मा पुसून बसायचे. पहिल्या वेळेला आप्पा जिंकले, पण घामाघूम झाले. पुढच्या वेळेला बरोबरी झाली. त्याच्या पुढच्या वेळेला ते हरले, आणि हरल्यावर कधी नव्हे ते गप्प जेवले.

त्या दिवशी दादानं मला ओट्याशी उभं राहून समजावलं होतं. मी भाजी चिरत होते. तो म्हणाला, समज एका वेळी तीस खेळ्या शक्य आहेत. समोरच्याला प्रत्येकीवर तीस उत्तरं. म्हणजे एक पाऊल आणखी पुढे बघायचं तर तीसपट काम. त्यानं प्रोग्रॅमला निरुपयोगी फांद्या, म्हणजे खेळ्यांच्या वाटा, लवकर सोडून द्यायला शिकवलं होतं, त्यामुळे काम तीसपट न होता पाच-सहापट व्हायचं. तरी पाच-सहापटच.

"म्हणजे मशीन दुप्पट वेगवान झालं तर एक पाऊलही नाही?" मी म्हणाले.

"अर्धंही नाही. पण अर्धं पाऊलसुद्धा आप्पांना पुरतं," तो म्हणाला आणि हसला. चिरलेल्या काकडीतला तुकडा उचलून खाल्ला.

दादा गेला तो उन्हाळा होता. ऑफिसात बसल्या जागी डोक्यातली शीर फुटली. नवी मुंबईच्या दवाखान्यात दोन दिवस यंत्रावर होता. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला जुन्या हायवेनं गावी आणलं. विहारातली माणसं आली, वंदना झाली, पुढे जलदान विधी झाला. गावानं सगळं केलं. मी चहा देत होते, सतरंज्या घालत होते, कोण जेवलं कोण राहिलं ते बघत होते. कोणीतरी मागून म्हणालं, हिला रडू द्या. मला रडू येत नव्हतं. येत नाही म्हणून वाईट वाटावं तर तेही वाटत नव्हतं.

मी खोपोलीजवळच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहे. विधी झाल्यावर लगेच कामावर गेले. नमुने तपासले, आकडे भरले. साहेब म्हणाले, सुट्टी घे हवी तर. मी नको म्हटलं. काम नीट होत होतं. एकही चूक झाली नाही, हे मला आत्ताही आठवतं. हात सगळं करत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते.

शेलूचा फ्लॅट आवरायला मी आणि आप्पा गेलो. कपडे, भांडी, गादी आम्ही तिथेच वाटून टाकली. कॉम्प्युटर मात्र नवाकोरा होता. दादानं सुटे भाग आणून स्वतः जोडलेला, मोठा काळा डबा. तो बराच ताकदवान असावा, कारण उचलताना आप्पांनाही जड गेला. टेंपो केला. नेरळ, कर्जत करत चौक गावाला येईपर्यंत आप्पा डब्यावर हात ठेवून बसले होते.

घरी आता टेबल होतं. त्यावर तो ठेवला आणि वर चादर घातली. पूर्ण पावसाळा तो तसाच होता. आई रोज चादरीवरची धूळ झटकायची.

दिवाळीच्या आसपास एका रविवारी आप्पा म्हणाले, "चालू कर गं ते."

मी चालू केला. प्रोग्रॅम सापडायला वेळ लागला नाही. मी फाइलची तारीख बघितली. जुन्या कॉम्प्युटरवरून शेवटचा बदल केला होता तेव्हाचीच होती. त्यानंतर दादानं त्यात एक अक्षरही घातलं नव्हतं. फक्त इकडून तिकडे उचलून ठेवत आला होता.

आप्पा बसले. खेळी केली. दोन सेकंदांत उत्तर आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पुढची खेळी केली. पुन्हा तसंच. नेहमीच्या जागी त्यांनी प्यादं मोकळं सोडलं. मशीननं त्याला हात लावला नाही.

"बघतोय तो," आप्पा म्हणाले.

चहा पिऊन होईपर्यंत ते हरले. दुसरा डाव लावला, तोही हरले.

"ह्यात त्यानं मागून काय घातलं?"

"काही नाही, आप्पा. तेच आहे. जसंच्या तसं."

"मग एवढा हुशार कसा झाला?"

"मशीन वेगवान आहे. पूर्वी पाच खेळ्या बघायला जेवढा वेळ लागायचा, त्याच्या कितीतरी कमी वेळात आता हे खूप पुढचं बघतं."

आप्पांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "म्हंजे त्यानं काय न करता झाला."

मी हो म्हटलं. ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

त्यानंतर ते रोज खेळू लागले. रोज हरू लागले. सकाळी अंघोळ करून, डोक्याला तेल लावून बसायचे, कामावर बसल्यासारखे. मी संध्याकाळी एसटीनं परत यायचे तेव्हा ते कधी टेबलाशी असायचे, कधी डाव संपलेला असायचा आणि पडदा तसाच उजळलेला. आई म्हणायची, "ह्यांना कशाला लावून दिलंस?" तिच्या बोलण्यात तक्रार नसायची.

त्या दिवसांत मीही एक उद्योग केला. प्रोग्रॅम सुरू होताना विचारायचा, एका खेळीला किती सेकंद. डावाच्या मध्येही तो आकडा बदलता यायचा. आणि दादानं त्यात मशीनला मशीनशीच खेळवायची सोय करून ठेवली होती. मी एका बाजूला एक सेकंद दिला, दुसऱ्या बाजूला दोन, आणि कामावर निघून गेले. दुप्पट वेळ आणि दुप्पट वेग, त्याच्या दृष्टीनं एकच. संध्याकाळी येऊन बघितलं तर दोन सेकंदवाली बाजू बरीच पुढे होती. दुसऱ्या दिवशी दोन आणि चार. मग चार आणि आठ. असं वाढवत गेले. आई कधी मध्येच वीज गेल्याचं सांगायची, मग पुन्हा पहिल्यापासून.

दुप्पटवाली बाजू नेहमीच जड असायची, पण वर वर जावं तसं तिचं जड असणं कमी कमी होत गेलं. बरोबरीचे डाव वाढले. सुरुवातीला आंधळ्याला दिसू लागावं तसा फरक होता. नंतर दोघांनाही चांगलं दिसत होतं, एकाला थोडं जास्त लांबचं, आणि त्या लांबच्या जागी बहुतेक वेळा काही नसायचंच.

हे मी कोणासाठी केलं, सांगता येणार नाही. लॅबमध्ये करतो तसंच काहीतरी होतं. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, काय होतं ते बघायचं. निकाल दादाला सांगावा असं एकदा मनात आलं आणि तेवढ्यानंच मी कॉम्प्युटर बंद करून भांडी घासायला बसले. पाणी गार होतं. हाताला गार लागतंय हे कळत होतं, एवढंच.

आप्पांचं रोजचं हरणं मला बघवत नव्हतं असं नाही. पण एक दिवस मी म्हटलं, "आप्पा, ह्याला हळू करता येतं. अगदी कमी वेळ देते. जुन्या मशीनसारखा होईल."

"कर," ते म्हणाले.

मी त्याला कमीत कमी वेळ दिला. वेळ कमी करून मशीन पुरतं जुनं होत नाही, पण बरंच बधिर होतं. आप्पांनी प्यादं सोडलं, मशीननं खाल्लं. वजीर अडकला. मग ते जुनं वागणंही परत आलं, एकेक प्यादं पुढे करून मरायला देणं. आई मागे येऊन उभी राहिली होती. आप्पांनी मात केली आणि हात मांडीवर ठेवले.

"जिंकलात?" आई म्हणाली.

"नाय," आप्पा म्हणाले. "हिनं जिंकवलं." मग माझ्याकडे न बघता, "वाढव परत. होता तेवढा कर."

मी वाढवला.

थंडी संपत आली तेव्हाची गोष्ट. रविवार होता, मी घरी होते. आप्पांनी त्या दिवशी सापळा लावलाच नाही. प्यादी प्याद्यांना भिडवून मधला पट्टा बंद करून टाकला, भिंत घातल्यासारखा. मशीननं आपले घोडे देऊन आप्पांचे दोन्ही उंट मारले होते आणि त्याच्या हिशेबानं ते खूश असावं, कारण पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसायचा, कोण किती पुढे आहे याचा त्याचा अंदाज. त्याला वाटत होतं आपण दोन प्याद्यांइतके पुढे आहोत. पण त्याचे उंट आपल्याच प्याद्यांच्या मागे कोंडलेले होते. उंट तिरका चालतो, त्याला मोकळी तिरपी वाट लागते, आणि वाट एकही नव्हती. मशीन हत्ती एक घर डावीकडे घ्यायचं, पुढच्या खेळीला एक घर उजवीकडे.

आप्पा मात्र घाई करत नव्हते. घोडा मागे घेतला, वळसा घालून दुसऱ्या बाजूला नेला. दुसरा घोडा त्याच्यामागे. मशीनचा हत्ती डावीकडे, उजवीकडे. कोपऱ्यातला आकडा तसाच.

"ह्याला जास्त वेळ दे," आप्पा म्हणाले.

"किती?"

"दे की भरपूर."

मी दिला. भात शिजायला लावला, आमटीला फोडणी दिली, ताटं घेतली. येऊन बघितलं तर मशीननं तेवढ्या वेळात किती कोटी मांडण्या तपासल्या होत्या कुणास ठाऊक. खेळी तीच होती. हत्ती एक घर डावीकडे. आकडा तोच.

आम्ही जेवलो. जेवल्यावर आप्पांचा घोडा भिंतीच्या आत उतरला आणि तेव्हा कुठे आकडा घसरू लागला. तोवर उशीर झाला होता. आप्पा जिंकले.

ते मागे टेकून बसले. म्हणाले, "उंटाला किती धरलंय त्यानं?"

मी प्रोग्रॅमची फाइल उघडली. मला प्रोग्रॅमिंग येत नाही, पण किमतींची ती ओळ वाचता येण्यासारखी होती. दादानं सोप्या नावांनी लिहिलं होतं. प्यादं एक, घोडा तीन, उंट चार.

"चार," मी म्हणाले. "घोड्याला तीन."

आई पदराला हात पुसत आली. "त्यावरून भांडायचात ना तुमी दोघं," ती म्हणाली. तिला बुद्धिबळातलं काही कळत नाही, पण भांडण आठवत होतं. दादाला उंट आवडायचे. लांबून येऊन मारतो म्हणायचा. आप्पा म्हणायचे, जागा बघून ठरवायचं असतं, सरसकट नाय. दादा म्हणायचा, मशीनला सरसकटच सांगावं लागतं.

"हे त्याचंच हाय," आप्पा म्हणाले. बोटानं पडद्यावरचा तो कोंडलेला उंट दाखवला. "मशीन कितीबी पळू दे. हे तसंच राहिलंय."

मला वाटलं आता मला काहीतरी होईल. रडू येईल. मी वाट बघितली. मग ताटं उचलली.

महिन्याभरानं दादाचा एक मित्र भेटायला आला. कर्जतच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. आप्पांनी त्याला तो डाव पुन्हा मांडून दाखवला. त्यानं प्रोग्रॅम उघडून बघितला, बराच वेळ शांतपणे वाचला. म्हणाला, "काका, हे सुधारता येईल. उंट आणि घोडा जवळपास सारखे धरायचे, आणि प्यादी अडकलेली असली की उंटाची किंमत उतरवायची. दोन-चार ओळी आहेत. करू का?"

मी आप्पांकडे बघितलं. ते नको म्हणतील याची मला खात्री होती.

"कर," आप्पा म्हणाले.

"राहू द्या की," आई म्हणाली. "त्याचं हाय तसं राहू द्या."

"चूक हाय ती," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "चूक दिसल्यावर ठेवायची नसते. त्यानं आज नायतर उद्या केलीच असती."

आई आत गेली. मित्रानं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्यानं ओळी लिहिल्या. थोडा वेळ लागला. आप्पा त्याच्या खांद्यामागे उभे राहून सगळं बघत होते. जसे ते कारखान्यात नव्या फिटरच्या मागे उभे राहत असतील तसे.

मग आप्पा बसले आणि तोच डाव मुद्दाम लावला. भिंत घालायला सुरुवात केली. ह्या वेळी मशीननं घोडे राखले. आप्पांनी उंट पुढे केले तरी घेतले नाहीत. भिंत पुरती बंद व्हायच्या आत एका बाजूनं प्यादं सारून फट पाडली. आप्पा लढले, पण हरले.

"आता बरा खेळतो," ते म्हणाले.

मित्राला आम्ही जेवू घातलं. जाताना त्याला चौकापर्यंत सोडायला मी स्कूटीवर गेले. तो म्हणाला, "वेग एवढा वाढला तरी त्याला जे कळलं नाही ते चार ओळींत झालं. विद्यार्थ्यांना हेच सांगतो मी." मग त्याला वाटलं असावं की आपण चुकीच्या वेळी चुकीचं बोललो. तो सॉरी म्हणाला. मी म्हटलं, नाही, बरोबर आहे. खरंच बरोबर होतं. घरी आले तेव्हा आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी तिच्या शेजारी बसून निवडू लागले. खूप थकल्यासारखं वाटत होतं, आणि बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

गेल्या वर्षी मला अंबरनाथच्या एका कंपनीत काम मिळालं. लोधिवलीहून रोजचं जाणं जमणारं नव्हतं, म्हणून मी शेलूच्या फ्लॅटवर राहायला आले. भिंतींना रंग दिला, गॅस घेतला. शेजारच्या काकू पहिल्या दिवशी दाराशी आल्या आणि काय बोलावं ते न सुचून लोणचं देऊन गेल्या. शनिवारी मी गावी जाते.

इतर दिवशी संध्याकाळी आप्पांचा फोन येतो. आधी आईशी बोलायचं, मग आप्पा घेतात.

"आज काय झालं?" मी विचारते.

"हारलो."

"किती वेळ टिकलात?"

"जेवणापर्यंत." मग, "तुजं जेवण झालं का?"

"करतेय," मी म्हणते.

"कर, कर," आप्पा म्हणतात आणि फोन ठेवतात.